एकवाले आणि तीनवाले

स्टाफरूममध्ये किस्से खडूच्या धुळीसारखे साचतात, कितीही झटका, अंगावर राहतातच! आमच्या सोलापूरच्या कॉलेजात गणिताला आम्ही तिघं: बिराजदार सर, शेख मॅडम आणि मी. त्या दोघांची पैज लागलेली. तीनपासून मूळ संख्या ओळीनं घ्यायच्या, चारनं भागायच्या. बाकी एक उरली की गुण सरांना, तीन उरली की मॅडमना. सगळं हातानं, फळ्यावर. जो पुढे तो बसणार, दुसरा चहा ओतणार!

मॅडम पहिल्याच संख्येला पुढे गेल्या. नंतर कधीमधी बरोबरी झाली, पण सरांना आघाडी म्हणून नाही. तीन वर्षं चहा सरांनीच ओतला.

* * *

एकदा सर हट्टालाच पेटले. "एकाला बी मूळ संख्या धरा की! बाकी एकच उरती."

"सर, याच उत्तराला तुमी तीस वर्षं पोरांचे मार्क कापलेत!"

* * *

तपासणीला आलेले साहेब फळ्यावरच्या 'सर' आणि 'मॅडम' अशा दोन रकान्यांपुढे थबकले. "ही काय, मुलामुलींची हजेरी?"

"व्हय साहेब," सर म्हणाले, "मुली लई पुढं हायेत!"

साहेबांनी आमचं अभिनंदन केलं.

* * *

बारावीची एक मुलगी म्हणाली, "सर, सारखे हरताय, तर बाजू बदला की."

सर उसळले. "अगं, लांबवर गेलं की दोघांचा वाटा सारखाच पडतो. सिद्ध झालंय ते!"

"लांबवर म्हंजे कुटवर?" मॅडमनी विचारलं. "तुमची रिटायरमेंट महिन्यावर आली की!"

सर हसले नाहीत. जाण्याआधी एकदा तरी पुढे जायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. मला फार वाईट वाटलं.

* * *

सरांचा शेवटचा दिवस. फळ्यावर बरोबरी. समोर सव्वीस हजार आठशे एकसष्ट. सरांनी तीनपासून एकशे त्रेसष्टपर्यंत एकेका मूळ संख्येनं भागून पाहिलं. कशानंच भाग जाईना! मूळ संख्या, बाकी एक. सर एका गुणानं पुढे!

मॅडम उठल्या, चहा ओतला. "बसा की सर."

मी मॅडमच्या कागदाकडे पाहिलं. पुढची संख्या, सव्वीस हजार आठशे त्रेसष्ट, त्यांनी आधीच तपासून ठेवली होती. तीही मूळ. बाकी तीन. म्हणजे पुन्हा बरोबरी!

मॅडमनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"आता पुढची मूळ संख्या कुठली हो?" सरांनी पहिला घोट घेत विचारलं.

"लई लांब हाय सर. तुमी चहा घ्या."