पडद्याच्या कडेची माणसं

मशीनचं चाक तळहातानं थांबवायचं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायचा, समोरच्या पडद्याकडे क्षणभर बघायचं आणि म्हणायचं, "झोल हाय." एखाद्या मालिकेवर टेलरमावशींचा निकाल असा दोन शब्दांत लागायचा. शिवताना कापड नको तिथं सैल पडून फुगा येतो, त्याला झोल म्हणतात. मालिका आवडली तर म्हणायच्या, "बसलं बरोबर." यापेक्षा जास्त कौतुक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही, ना ब्लाऊजचं, ना मालिकेचं.

पंचायत समितीत बदली होऊन मी पाटोद्याला आले, तेव्हा त्यांच्या दुकानाच्या वरची खोली भाड्यानं घेतली. मावशी दुकानाच्याच मागच्या खोलीत राहायच्या. नवरा फार लवकर गेलेला, मूलबाळ नाही. साठीच्या आसपासची, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. एकदा जिन्यावरून उतरताना माझ्या मोबाइलवर एक मालिका चालू होती. त्यांनी मान वळवून विचारलं, "मॅडम, ह्या लोकांनी हे काय घातलंय अंगात?"

ती अंतराळवीरांची मालिका होती. मी दोन मिनिटांसाठी थांबले आणि पाऊण तास बसले. पुढच्या आठवड्यात माझा जुना टॅब त्यांच्या मशीनसमोर, बॉबिनच्या डब्याला टेकून उभा राहिला. माझ्या खात्यावर हिंदीत आवाज दिलेल्या परदेशी मालिका यायच्या. सासू-सुनांच्या मालिका मावशींना नको असत. "ते तर दुकानात रोजच ऐकती म्या," म्हणायच्या. त्यांना ग्रह, जहाजं, यंत्रमाणसं, काळात मागेपुढे जाणारी माणसं हवी असत.

आपण या मालिका बघतो तेव्हा स्फोट बघतो. मावशी कपडे बघायच्या. एका मालिकेत शंभर वर्षं गोठून झोपलेली माणसं जहाजातून दूरच्या ग्रहाकडे चालली होती. त्यातली एक बाई वाटेतच जागी होते. मावशींनी चाक थांबवलं. "शंभर वर्षं झोपली आन कपड्याला एक सुरकुती न्हाई. झोल हाय." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "हजार माणूस हाय जहाजात. डाक्टर हाय, सैपाकी हाय. टेलर न्हाई. ह्यांची चेन तुटली तर काय करत्यात?"

ब्लाऊज न्यायला आलेल्या बायकांना त्या बिनदिक्कत सांगायच्या, "उद्या या. आज जहाज फुटलंय." बायका चिडायच्या, मग बाकावर बसायच्या, आणि जहाज फुटून होईपर्यंत कुणी उठायचं नाही.

परग्रहावरचे लोक नेहमी अमेरिकेतच का उतरतात, यावर एकदा दुकानात बरीच चर्चा झाली. मावशी म्हणाल्या, "पाटोद्याला आलते की. रस्ता बगून परत गेले." हे सांगताना त्या स्वतः हसत नसत, त्यामुळे समोरच्याला जास्त हसू यायचं.

एका मालिकेत एक माणूस रोज सकाळी त्याच दिवसात जागा व्हायचा. त्या दिवशी त्याच्या बायकोला अपघात होणार असायचा आणि तो तिला वाचवायला धावत सुटायचा. दहा भाग तो धावत होता. मला ती फार आवडली होती. मावशींनी सातव्या भागाला चाक थांबवलं. मी "झोल" ऐकायच्या तयारीत होते. पण त्या नुसत्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काहून पळतोय हा सारखा? येक दिवस तरी तिच्यासंगं बसून जेव म्हनावं." मग चाक फिरवलं आणि पूर्ण बाही एका दमात शिवून काढली. त्यांच्या नवऱ्याबद्दल मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशीही विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी कधीतरी त्यांची मतं बदलू लागली. म्हणजे मला तेव्हा ती मतंच वाटली.

"आजकाल समदं अंधारात काढत्यात," त्या म्हणायच्या. "लाईट लावायला काय होतं ह्यांना?" मी लगेच मान डोलावली. तुम्हीही नव्या मालिका पाहिल्या असतील, तर डोलावली असती. खरोखरच त्या फार काळोख्या असतात. मी टॅबचा उजेड वाढवून दिला.

मग त्यांची दुसरी तक्रार सुरू झाली. "माणसं येकदम कुठून बी उगवत्यात. आत्ता न्हवता, आत्ता उभा. दाराकडून आलेला तरी दाखवावा का न्हाई?" एका प्रसंगात शत्रू पडद्याच्या डाव्या कडेनं हळूहळू सरकत नायिकेच्या मागे येतो. बाकावरच्या दोघी बायका श्वास धरून बसल्या होत्या. त्यानं नायिकेचा गळा धरला तेव्हा मावशी दचकल्या आणि रागावून म्हणाल्या, "हा कुठून आला? झोल हाय सगळा." आम्ही तिघी हसलो. मी तर ऑफिसात जाऊन सांगितलं, आमच्या टेलरमावशी दिग्दर्शकाला कशी धारेवर धरतात ते.

त्याच दिवसांत त्या शेजारी ठेवलेली कात्री शोधत असायच्या. बाजूला उभ्या असलेल्या बाईला "कोण हाय?" विचारायच्या, मग पूर्ण मान वळवून बघायच्या. टॅब त्यांनी बॉबिनच्या डब्यापासून उचलून अगदी नाकासमोर आणला होता. हे सगळं मी रोज येता-जाता बघत होते. माझे डोळे चांगले होते.

एका सकाळी दुकानाच्या पायरीशेजारी कुणीतरी मोटारसायकल लावली होती. मावशी शटर उघडून खाली उतरल्या आणि सरळ तिच्यावर जाऊन आदळल्या. मनगट मुरगळलं, कपाळाला खोक पडली. लाल रंगाची, चांगली थोरली मोटारसायकल होती. मी खोक पुसत असताना त्या सारखं एकच म्हणत होत्या, "हितं न्हवती. आत्ता न्हवती हितं."

मी त्याच दिवशी ऑफिसात रजा टाकली.

बीडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी मावशींना एका पांढऱ्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. आत बारीक ठिपके चमकतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मावशी खूश झाल्या. "जहाजातल्यासारखं यंत्र हाय," मला म्हणाल्या. बाहेर आल्यावर तोंडावर परीक्षा दिलेल्या मुलीची ऐट होती. "लई दिसले. धडाधड दाबलं म्या."

डॉक्टरांनी कागद माझ्यासमोर ठेवला. दोन गोल होते, एकेका डोळ्याचा एक. उजवा जवळजवळ पूर्ण काळा. डाव्यात मध्यभागी बोराएवढी पांढरी जागा, बाकी काळं.

"हे काळं म्हणजे?" मी विचारलं.

"गेलेली नजर. काचबिंदू आहे. कडेनं खात येतो, दुखत नाही, म्हणून माणसाला कळत नाही."

"ऑपरेशन?"

"गेलेलं परत येत नाही. उरलेलं जपायचं. थेंब देते, एक दिवसही चुकवायचे नाहीत. पुढे गरज पडली तर ऑपरेशनही करू, पण तेही उरलेलं टिकवण्यासाठीच. थोडं आधी आला असता तर बरंच राहिलं असतं."

आधी म्हणजे कधी, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. मला तो गळा धरणारा शत्रू आठवत होता आणि आमचं हसणं.

मावशींनी सगळं ऐकलं होतं. त्या खुर्चीत सरळ बसल्या आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "डाक्टर, म्या येका सिरियलीत बगितलंय. डोळा काढून नवा बसवत्यात. त्याला बारीक निळा दिवा असतो. ते आपल्याकडं कवा येनार?"

डॉक्टर आधी हसल्या. मावशी हसत नाहीत हे बघून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मावशी, तुमचा डोळा चांगलाच आहे. डोळ्यातून मेंदूकडे जी नस जाते, ती वाळलीय."

"मंग नस बसवा."

"नस नाही बसवता येत."

मावशी माझ्याकडे वळल्या. "म्हंजी त्या सिरियलीत त्यांनी नस दाखवलीच न्हाई," त्या मला म्हणाल्या. "झोल केला त्यांनी."

परतीच्या बसमध्ये त्यांनी खिडकीची जागा मागितली. पूर्ण वाटभर काचेला नाक लावून बसल्या होत्या. 

थेंब त्यांनी घड्याळ लावून घातले, पण डाव्या डोळ्याच्या गोलातली पांढरी जागा आकसत गेली. डॉक्टरांनी थेंब बदलले, मग सांगितल्याप्रमाणे एक ऑपरेशनही केलं. प्रत्येक वेळी मी त्यांना बीडला न्यायचे, प्रत्येक वेळी कागद थोडा जास्त काळा निघायचा. मी मोबाइलवर दवाखाने शोधायचे, ओळखीच्या लोकांना फोन करायचे, परदेशात काय संशोधन चाललंय ते वाचायचे. मावशींना एकदा उत्साहानं सांगायला गेले, की उंदरांवर एक प्रयोग यशस्वी झालाय. त्या म्हणाल्या, "चांगलं झालं बाई. उंदराला तरी दिसू दे."

त्या आता मालिका निवडून बघायच्या. "हे रटाळ हाय, काढ. तेवढ्यात दुसरं बगून होईल." मला त्या आताशा "मॅडम" म्हणत नसत, "पोरी" म्हणत आणि अगंतुगं करत. मी ऑफिसातून आले की शेजारी बसून सांगायचे, डावीकडून कोण येतंय, मागे काय जळतंय. त्या ऐकायच्या आणि मध्येच चिडायच्या. "तू कपडे सांगत न्हाईस."

मला कपडे सांगता येत नव्हते. मी "निळा ड्रेस" म्हणायचे. त्या विचारायच्या, "गळा कसा हाय? बाही जोडलेली का अखंड? कापड पडतंय कसं?" मी अडायचे. इतकी वर्षं मी कपडे घालत होते, पण कधी बघितले नव्हते.

एके दिवशी एका बाईच्या ब्लाऊजला डावी बाही उजवीकडे लागली. ती बाई भली होती. काही न बोलता घेऊन निघाली होती. मावशींनी तिच्या हातातला ब्लाऊज बोटांनी चाचपला आणि परत घेतला. सगळी शिलाई उसवली, पुन्हा लावली, तिला दिली. त्यानंतर मशीनवर चादर टाकली आणि मला म्हणाल्या, "भावाला फोन लाव."

भाऊ दिंद्रुडहून आला. शांत, भला माणूस. मशीन नेऊ का, असं त्यानं विचारलं, तर मावशी म्हणाल्या, "नेऊन काय करू? कुनाला तरी दे, जिला दिसतंय." भावाबरोबर दिंद्रुडला जाताना त्यांनी टॅब माझ्या हातात ठेवला. मी ठेवून घ्या म्हणाले. त्यांनी मान हलवली. आता मावशींच्या जागेत मोबाइलच्या कव्हरचं दुकान आहे.

मी रविवारी फोनवर भाग सांगायचे. मग ती गोठून झोपलेल्या माणसांची मालिका, जिचा पुढचा भाग यायला फार दिवस लागले होते, ती आली. मी एकटीनं बघितली नाही. टॅब पिशवीत घालून बीडला बस बदलून दिंद्रुडला गेले. भावाच्या घरी अंगणात मावशी भुईमुगाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. माझ्या चपलांच्या आवाजावरून ओळखलं. माझं तोंड दोन्ही हातांत धरून चाचपलं आणि म्हणाल्या, "वाळलीस."

मी टॅब लावला. जहाज अखेर त्या ग्रहावर उतरत होतं. मी सांगू लागले. यावेळी कपड्यांची तयारी करून गेले होते. तिरपा गळा, अखंड बाही, जड कापड, गुडघ्याला जोड. मावशी ऐकत होत्या. दहा मिनिटांनी त्यांनी हात पुढे केला, काच शोधली आणि तळहात पडद्यावर ठेवला.

"बंद कर, पोरी."

"का? नीट सांगत नाही का मी?"

"लई नीट सांगतीस. पर ही तुझी सिरियल हाय. माझी न्हाई." मग म्हणाल्या, "आन सांगायच्या नादात तुझं बी बगायचं राहतंय. घरी जाऊन बग नीट."

मला रडू आलं. आवाज होऊ नये म्हणून मी सोललेले दाणे तोंडात टाकले. त्यांनी सुपातले आणखी चार दाणे माझ्या हातात दिले.

संध्याकाळी त्या बस थांब्यापर्यंत सोडायला आल्या. भाऊ येतो म्हणाला, तर नको म्हणाल्या. वाट त्यांना पाठ झाली होती, पंधरा-वीस पावलं भिंतीला हात लावून, मग सरळ. बस उभी होती. मी चढले, खिडकीत बसले. "बसले हं," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली. ड्रायव्हर अजून चहा घेत होता.

इतक्यात बसच्या मागे उभा असलेला एक टेम्पो सुरू झाला, हॉर्न देत वळला आणि आमच्या बसच्याच वाटेनं, तेलगावच्या दिशेनं निघाला. मावशींनी तोंड त्या आवाजाकडे फिरवलं. हात उंच केला आणि हलवू लागल्या. टेम्पो दूर जाईपर्यंत, आवाज पुरता मिटेपर्यंत त्या हात हलवत होत्या.

मी खिडकीत होते. त्यांच्यापासून चार हातांवर. हाक मारायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मारली असती तर त्यांना कळलं असतं, आपण कुणाला निरोप दिला ते.

त्यांनी पदर डोक्यावर नीट केला, डोळे टिपले आणि मागे वळल्या. भिंत सापडेपर्यंत हात हवेत पुढे धरून, एकेक पाऊल टाकत त्या घराकडे चालत राहिल्या. बस अजून निघाली नव्हती.