रक्ताचा पैरा

"हा अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी पुन्हा सांगितलं, "रक्ताचा कॅन्सर. झपाट्यानं वाढणारा."

माझे मालक, सुधाकर, शेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, सोयाबीन काढायला आलंय. तेवढं उरकून ॲडमिट झालं तर चालंल का?"

"आज," मॅडम म्हणाल्या. "आत्ता."

आमच्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही. पण लिहिताना 'हे असं म्हणाले, ह्यांनी तसं केलं' करत बसले तर वाचणाऱ्याला कळायचं नाही कोण ते. म्हणून नावानंच लिहिते. ते असते तर चिडवलं असतं मला.

आम्ही हातकणंगले तालुक्यातले. मी अंगणवाडी सेविका, ते शेतकरी. सुरुवात अगदी साधी होती. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. नडगीवर निळे डाग उठायचे. उसात काम करणाऱ्याच्या अंगावर ओरखडे असतातच, कोण लक्ष देतं? मग ताप आला, जाईना, आणि जिना चढताना त्यांना धाप लागायला लागली. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि रिपोर्ट हातात देऊन सरळ कोल्हापूरला जा म्हणून सांगितलं. तिथं कमरेच्या हाडात सुई घालून आतला नमुना तपासला. त्याला बोन मॅरो टेस्ट म्हणतात. हाडाच्या आतल्या मगजात आपलं रक्त तयार होतं, तिथंच बिघाड झालाय का ते त्यातून कळतं. सुधाकरांचा बिघाड तिथंच होता.

तुमच्या घरात हा आजार येऊ नये. आलाच तर एक गोष्ट पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा, प्लेटलेट्स. रक्त गोठवणाऱ्या या बारीक पेशी. केमोथेरपी, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारं औषध, सुरू झालं की चांगल्या पेशीही मरतात. मग प्लेटलेट्स बाहेरून द्याव्या लागतात, पुन्हा पुन्हा. त्या कारखान्यात बनत नाहीत, माणसाच्या अंगातूनच येतात.

मी दत्तूदांना फोन केला. दत्तूदा म्हणजे आमच्या बांधाला बांध असलेले शेतकरी. ते मराठा, आम्ही बौद्ध. गावात घरं लांब असली तरी रानं शेजारी, आणि रानातल्या शेजारामुळं दोघांचा कित्येक वर्षांचा पैरा. पैरा म्हणजे काय ते शहरातल्यांसाठी सांगते. आज तुम्ही आमच्या रानात राबायचं, उद्या आम्ही तुमच्या. मजुरी कुणी मागत नाही, पण ज्यानं काम घेतलं त्यानं काम परत करायचं. त्याला पैरा फेडणं म्हणतात. आमच्या शिवारात कुणाची भांगलण, म्हणजे खुरपणी, कधी, कुणाची मळणी कधी, हे सगळं सुधाकर ठरवायचे. लोक त्यांचं ऐकायचे, कारण ते स्वतःच्या रानाचा नंबर शेवटी लावायचे.

दत्तूदा फोनवर म्हणाले, "वैनी, तुम्ही घोर करू नका. रगात पाहिजे न्हवं? आख्खं गाव आणतो की!"

आणि खरंच आणलं. दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून माणसं रक्तपेढीच्या दारात उतरली. विहारातली तरणी पोरं, दत्तूदांच्या भावकीतले, दूध डेअरीवरचे, माझे दीर. निम्मे उपाशीपोटी आलेले, देवाला निघाल्यासारखे. त्यांना आधी खाऊन या म्हणून परत पाठवलं. दत्तूदा मात्र ताकद यावी म्हणून सकाळी सकाळी मटण आणि पांढरा रस्सा हाणून आले होते. त्यांच्या रक्ताचा नमुना बघून टेक्निशियननं मान हलवली. चरबी तरंगत होती. दत्तूदा इतके ओशाळले की दिवसभर रक्तपेढीच्या पायरीवरच बसून राहिले, आणि संध्याकाळी चरबी उतरल्यावर रक्त देऊनच उठले.

टेक्निशियननं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, सगळ्यांचं आजच घ्यायचं का?" मी त्या टेम्पोकडं बघितलं. भिशीला, बारशाला जमत नाहीत इतकी माणसं माझ्या नवऱ्यासाठी आली होती. दारातून परत कशी पाठवू? अपमान नाही का होणार? "घ्या सगळ्यांचं," मी म्हणाले. त्या दिवशी मला वाटलं, आता काही कमी नाही.

प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात. हे मला सहाव्या दिवशी कळलं.

सुधाकरांच्या नाकातून रक्त यायला लागलं ते थांबेना. नर्स कापूस बदलत होती. मॅडम म्हणाल्या, "सिंगल डोनर प्लेटलेट्स पाहिजेत. लगेच." यात दात्याच्या हातातून रक्त मशीनमध्ये जातं, मशीन फक्त प्लेटलेट्स वेगळ्या करतं आणि बाकीचं रक्त त्याला परत देतं. मी एकेकाला फोन लावत सुटले. सगळे यायला तयार, आणि एकाचंही चालणार नव्हतं. नुकतंच रक्त दिलेल्या माणसाला कित्येक दिवस थांबावं लागतं. आमच्या आख्ख्या गावानं एका दिवसात आपले हात रिकामे करून टाकले होते.

मी रक्तपेढीबाहेरच्या बाकावर बसून मोठ्यानं रडले. लाज वाटली नाही. तिथं मलकापूरकडचा एक माणूस बसला होता. त्याच्या सासूचं ऑपरेशन रद्द झालं होतं, तो घरी जायला निघालेला. "काय झालं, ताई?" म्हणाला. मी सांगितलं. त्यानं घरी फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं आणि आत गेला. मी त्याचं नाव विचारायचं विसरले. त्याच्या प्लेटलेट्सच्या पिवळ्या पिशवीनं सुधाकरांचं रक्त थांबलं.

जरा हुशारी आल्यावर सुधाकरांना मी सगळा घोळ सांगितला. ते पडल्या पडल्या हसले. हिरड्या काळ्या पडल्या होत्या, तरी हसले. म्हणाले, "पैऱ्याला समदी एकदम कुणी बोलावतं व्हय गं? एकाच दिशी समदं रान निघालं, तर उद्या काय करायचं? नंबर लाव. दत्तूला सांग, ज्यांनी दिलं न्हाय ती आधी, बाकीची मागनं. आन् दत्तूला म्हणावं, आदल्या दिशी मटान बंद."

तेव्हापासून नंबर लागले. रोज कुणी ना कुणी, पण एकच. ज्यांना रक्त देता येत नव्हतं त्यांनी बाकीची कामं वाटून घेतली. आमचं सोयाबीन निघालं, म्हशीची धार निघाली, माझी जाऊ माझ्या मुलीला शाळेला पाठवत राहिली. डबा रोज वेगळ्या घरचा यायचा आणि दुधाच्या गाडीतून हॉस्पिटलच्या कोपऱ्यावर उतरायचा. आत पेशंटला घरचं जेवण चालत नव्हतं, तो डबा माझ्यासाठी. मी आधी नको म्हणायचे. जाऊबाई फोनवर ओरडली, "तू पडलीस तर त्याच्या उशाला कोण बसणार? गप खा!"

आणखी एक मदत आली, तिचंही सांगायला पाहिजे. केमोचं एक महागडं औषध सरकारी योजनेत बसत नव्हतं. शहरातल्या एका ट्रस्टनं ते दिलं. आम्ही घेतलं, आणि मी त्यांचे उपकार मानते. पण औषध द्यायला पाच-सहा जण आले. तेव्हा सुधाकरांच्या पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या होत्या की त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. याला न्यूट्रोपेनिया म्हणतात, साध्या सर्दीशी लढायलाही अंगात शिपाई उरत नाहीत. दारातून फोटो काढताना एक जण म्हणाला, "पेशंटनं मास्क जरा खाली घेतला तर बरं. चेहरा दिसायला पाहिजे."

मी मध्ये उभी राहिले. म्हटलं, "न्हाय चालायचं." पण माझ्या मागं सुधाकरांनी मास्क खाली घेतला होता. वर केसांवरून हातही फिरवला, आणि केस तर गळून गेले होते.

ते लोक गेल्यावर मी भांडले. ते म्हणाले, "त्यांनी दिलं. मी त्यांना काय देणार? त्यांच्या घरी माझी गरज कधी पडणार न्हाय." मग भिंतीकडं तोंड करून झोपले. दत्तूदांच्या पुढं त्यांनी असं तोंड कधी पाडलं नव्हतं. पुढं ताप आला तो त्या फोटोमुळं आला असं मी म्हणत नाही. मॅडम म्हणाल्या, या काळात ताप येतोच. पण त्या खाली आलेल्या मास्कचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्या तापातून ते उठले. मॅरोची पुन्हा तपासणी झाली आणि मॅडम पहिल्यांदा हसल्या. "रेमिशन आहे," म्हणाल्या. म्हणजे आजार दिसेनासा झाला, गेला असं नाही. पण आम्ही 'गेला' एवढंच ऐकलं.

घरी आल्यावर सुधाकरांना एकच ध्यास. पैरा फेडायचा. इतक्या लोकांनी अंगातलं काढून दिलं, आता आपण राबायचं. दत्तूदांचा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, हुरड्यात आला होता. सुधाकर काठी टेकत रानात गेले. खुरपं धरवेना, गोफण फिरवेना. तर बांधावर बसून पत्र्याचा डबा वाजवत पाखरं हाकलत राहिले. दत्तूदा मला येऊन म्हणाले, "वैनी, त्याला घरात बसवा. मला बघवंना." मी म्हणाले, "बसू दे दत्तूदा. त्यातच त्यांचा जीव हाय." संध्याकाळी घरी आले की चेहऱ्यावर अशी तरतरी असायची, औषधानं कधी आली नाही तशी.

कणसं काढायच्या आत नडगीवर पुन्हा निळा डाग दिसला. मला आधी दिसला. मी बघितलेलं कळताच त्यांनी पायजमा खाली ओढून घेतला.

दुसऱ्या खेपेला औषधं चालली नाहीत. मॅडमनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "आता आपण त्यांना त्रास होऊ नये एवढंच बघू या." याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. बरं करण्याचा प्रयत्न थांबवून वेदना कमी ठेवायची. हे शब्द ऐकायला फार वाईट वाटतात. पण त्या दिवसांत त्यांना दुखलं नाही, हे मला आता मोठं वाटतं. तुम्हाला कुणी असं सांगितलं तर डॉक्टरांनी हात वर केले असं समजू नका.

शेवटी शेवटी त्यांनी दत्तूदांना बोलावून घेतलं. म्हणाले, "दत्तू, माझा पैरा ऱ्हायला की रं."

दत्तूदा एवढा दांडगा माणूस, कॉटच्या लोखंडी पट्टीला धरून उभा होता. "गप," म्हणाले. "लई बोलू नगंस." आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात हंबरडा फोडला.

सुधाकर गेले ते मी हात धरलेला असताना गेले.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्यातल्या शोकविधीला, विहारात बसायला जागा नव्हती. दत्तूदांच्या भावकीतले लोक दारात चपला काढून त्रिसरणाला उभे राहिले, त्यातल्या कित्येकांना शब्द येत नव्हते. विधी झाल्यावर पोरांनी सुचवलं, सुधाकरदादांच्या नावानं मोठं रक्तदान शिबिर घेऊया. बोर्ड लावू, पाहुणे बोलावू, एका दिवसात तालुक्यात झालं नाही एवढं रक्त देऊ. त्यांची माया खरी होती. पण माझा आवाज चढला. "एका दिवसात काय करताय? आजार काय एका दिवसाचा असतोय? बोर्ड नको. नंबर लावा."

लागले. आता आमच्या गावातनं आणि शेजारच्या वाड्यांतनं कुणी ना कुणी, ज्याचा नंबर असेल तो, कोल्हापूरला जातो. पेशंट कोण, कुठल्या जातीचा, कुठल्या गावचा, विचारत नाही. ज्याच्या घरचा पेशंट बरा होतो त्याला आम्ही एवढंच सांगतो, जमेल तेव्हा तुम्हीही नंबर लावा.

माझं हिमोग्लोबिन आधी रक्त द्यायच्या नियमात बसत नव्हतं. अंगणवाडीत बायकांना पालेभाज्या खा म्हणून सांगणारी मी, स्वतः बसत नव्हते. मग खाल्लं नीट. गेल्या महिन्यात माझं रक्त पास झालं. शीर बारीक आहे म्हणून टेक्निशियनची चुळबुळ चालली होती, पण सापडली. मशीन सुरू झालं.

जिच्या नवऱ्यासाठी मी देत होते ती बाई दारातून आत आली. गडहिंग्लजकडची. माझ्या हाती ज्यूसचा डबा देऊन उभी राहिली.

"अक्का, तुमचं कोण होतं हितं?"

"मालक."

"बरं झालं?"

"न्हाय."

ती दचकली. मग म्हणाली, "मग तुम्ही कशाला आलाय?"

"आज माझा नंबर हाय."

तिनं पदरानं डोळे पुसले. "मग माझा नंबर कवा लागंल, अक्का?"

"आधी तुझ्या माणसाला घरी घिऊन जा," मी म्हणाले. विहारात, अंत्यविधीला, घरी एकटी असताना जे आलं नव्हतं ते सगळं रडू तिथं आलं. नर्स धावत आली. सुईकडं बघून तिनं विचारलं, "दुखतंय का, काकू?"

मी व्हय म्हणाले.