माझ्या खिशात अडकलेला तिचा निकाल

आमच्याकडच्या बायकांची एक रीत आहे. स्वतःजवळ फोन असला तरी कागदावर नंबर लिहायची वेळ आली की नवऱ्याचा सांगतात. गावातल्या बुद्धविहारात गर्भाशयाच्या मुखाच्या तपासणीचं शिबिर झालं तेव्हा माझ्या बायकोनेही माझाच दिला. म्हणून तिच्या निकालाचा फोन मला आला. मी नरडाण्याला एका कारखान्यात वजनकाट्यावर बसतो. समोर सरकीची गाडी उभी होती.

"भाऊ, ताईंच्या तपासणीत विषाणू सापडलाय," सिस्टर म्हणाल्या. "हा कॅन्सर नाही, घाबरू नका. पण पुढच्या तपासणीला धुळ्याला आणा."

"कशामुळे होतं हे?"

"संबंधातून येतो. खूप जणांना होतो, बहुतेकांचा आपोआप जातोही."

पुढचं मी नीट ऐकलं नाही. लग्नानंतर सहा वर्षं मी फैजपूरहून दिल्लीला केळीची गाडी नेत होतो. थांबू नये तिथे थांबलो होतो, आणि एकदाच नाही. निकाल सांगायचा तर हेही सांगावं लागेल, असं मनाने घेतलं. घरी गेलो, जेवलो, गप्प राहिलो. सिस्टरांनी पुन्हा फोन केला तेव्हा म्हणालो, ती माहेरी शिरपूरला गेलीय. ती गावातच होती, अंगणवाडीत खिचडी शिजवत.

असे आठ महिने गेले. एका सकाळी शेजारच्या अक्का ओट्यावर तिला विचारत होत्या, "तुना रिपोर्ट वना का वं?"

"फोनच वना नही, म्हंजे बठ्ठं चांगलं शे," ती हसून म्हणाली.

मी आत बूट घालत होतो. एक पायात, एक हातात, तसाच बसून राहिलो. फोन आला नाही म्हणजे सगळं चांगलं; माझं गप्प राहणं तिला चांगली बातमी वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिला धुळ्याला नेलं. तेव्हाही खोटंच बोललो, फोन कालच आला म्हणून. डॉक्टरबाईंनी औषध लावून पाहिलं तर पांढरा डाग दिसला. तुकडा तपासायला गेला. कॅन्सर होण्याआधीचे बदल निघाले. पुढच्या खेपेला तेवढा भाग त्यांनी जाळून काढला. काही मिनिटांचं काम, संध्याकाळी ती स्वतःच्या पायाने घरी आली.

"वेळेत आणलंत," डॉक्टरबाई मला म्हणाल्या. विषाणू कुणाकडून, कधी आला हे सांगता येत नाही, असंही म्हणाल्या. त्या वाक्याच्या आडोशाला मी आणखी एक वर्ष काढलं.

वर्षाने धुळ्याला पुन्हा तपासणी झाली, काही निघालं नाही. स्टँडजवळ शेवभाजी खायला बसलो. ती इतकी खुशीत होती की तिने स्वतःहून आणखी एक भाकरी मागितली. मग सगळं सांगून टाकलं. आधी गाडीवरचं, मग फोनचं.

तिने हातातली भाकरी ताटात ठेवली. "गाडीवरलं माले कवयनंच माहीत शे," ती म्हणाली. "पन फोन काबर लपाडा? मी मरी जाती ते?"

गाडीवरचं तिला कधीचंच ठाऊक होतं; फोन का लपवला, एवढंच ती विचारत होती. ती अर्ध्या जेवणावरून उठली, तडक दवाखान्याच्या खिडकीवर गेली, माझा नंबर खोडायला लावला आणि स्वतःचा दिला. मी मागे पिशवी धरून उभा. पुढे महिनाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

यंदाच्या तपासणीचा फोन तिला आला. मी अंगणात दाढी करत होतो. "हां ताई, हां," करत तिने ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि सावकाश चहा गाळायला बसली.

"काय सांगं त्यास्नी?" मी विचारलं.

"आठ महिनानंतर सांगसू."

मी वस्तरा धरून तसाच. कप हातात देताना मात्र तिला हसू आवरेना. "चांगलं शे बठ्ठं. प्या आते."

अर्ध्या गालावर साबण वाळत होता. तसाच चहा प्यालो.