अण्णांच्या मोटरीचं तेल कुठून गळतंय?

अण्णा गेले तेव्हा मागं दोघी राहिल्या: आई आणि बोटीची मोटर. दोघीही माझं ऐकत नसत.

अण्णा म्हणजे आमचे वडील. माकणीच्या धरणावर त्यांची लाकडी बोट होती. पलीकडच्या काठावर ज्यांची रानं राहिली त्यांना, त्यांच्या कडब्याच्या पेंढ्यांना आणि एखाद्या हट्टी शेळीला ते इकडून तिकडं न्यायचे. बोटीच्या मागं लटकवायची मोटर त्यांनी कोकणातून जुनीच आणलेली. उमेदीची वर्षं तिनं तिकडं काढली होती, आमच्याकडं ती पेन्शनीत आल्यासारखी वागायची. अण्णांनी दोरी ओढली की पहिल्या झटक्यात सुरू. मी ओढली की माझा खांदा निखळायचा आणि मोटर ढिम्म.

अख्खं गाव त्या बोटीत बसलं, एक आई सोडून. "एकदा मलाबी न्या की," ती म्हणायची. "उद्या नेतो," अण्णा म्हणायचे. धरणाच्या मधोमध आमचं जुनं रान पाण्याखाली गेलंय. लग्न करून आल्यावर आई पहिल्यांदा पाणी भरायला गेली ती त्याच रानातल्या विहिरीवर. तिथं तिला एकदा जायचं होतं. उद्या-उद्या करत अण्णाच गेले. वर्षश्राद्ध महिन्यावर आलं तेव्हा आईनं सांगून टाकलं, "नैवेद्याचं पान मी तिथं पाण्यात सोडणार. ह्यांच्या बोटीतनं, ह्यांच्याच मोटरीवर. दुसऱ्या कुणाच्या बोटीत मी बसायची न्हाय."

मग मी मोटर बघायला गेलो. वर्षभर ती अंगणातल्या पत्र्याखाली लाकडी घोड्यावर उभी होती. तिच्या खाली तेलाचं हे एवढं थारोळं.

मी लोहाऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो. (त्यामुळं मला सगळं कळतं असा माझा समज आहे. शाळेत तो कुणी मोडत नाही, मुलं मोठी समंजस आहेत.) मी जाहीर केलं, "ऑइल गळतंय. बिघाड मोठा आहे." आणि अणदूरच्या दाजींना फोन केला. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. त्यांच्याकडं ट्रॅक्टर आहे, आणि जगातलं प्रत्येक यंत्र मुळात ट्रॅक्टरच असतं असं त्यांचं ठाम मत आहे.

दाजी आले, वाकले, थारोळ्यात बोट बुडवून वास घेतला.

"गुरुजी, खालच्या गिअरच्या डब्याचं सील गेलंय."

"कशावरून?"

"माझ्या ट्रॅक्टरचं गेलं व्हतं."

पंख्याजवळचा गिअरचा डबा उघडला. सील गेलं असेल तर आत पाणी शिरतं आणि ऑइल ताकासारखं पांढरट दिसतं. आतलं ऑइल स्वच्छ होतं आणि भरपूर होतं. "म्हणजे नुकतंच गळाया लागलंय," दाजी म्हणाले. लातूरहून सील आणून बसवलं. मोटर पुसून कोरडी केली, खाली पुठ्ठा अंथरला. सकाळी पुठ्ठ्यावर डाग! दुसरं सील बदललं. सकाळी डाग. मग रोज खोलायची आणि रोज जोडायची. अंगणात सुटे भाग असे पसरले की शेजारीण वाळवण समजून कोंबड्या हाकलायला आली. दाजींनी तर एकदा डाग जिभेला लावून बघितला.

"गुरुजी, ह्यात भजी तळावी असं ऑइल हाय हे."

"जुन्या काळची मोटर आहे दाजी. तेव्हा मालच शुद्ध असायचा."

आई आमच्या मधोमध चहाचे कप ठेवायची आणि विचारायची, "वर्षश्राद्धापोत्तर हुईल का रं?" मी तिच्याकडं न बघता "होईल" म्हणायचो. होईल असं मला वाटत नव्हतं, आणि तिच्या तोंडावर 'नाही' म्हणायची माझी छाती होत नव्हती.

शेवटी माझ्यातला विज्ञान शिक्षक जागा झाला. कोरड्या मोटरीवर पावडर भुरभुरली की तेल जिथून निघतं तिथून ओघळ उमटतो. बहिणीचा पावडरचा डबा आणून मोटर डोक्यापासून पंख्यापर्यंत माखली. सकाळी ओघळ स्पष्ट दिसला. तो सुरू होत होता मोटरीच्या टोपणाच्या अगदी वरून, जिथं ना नळी, ना टाकी, ना सील. आम्ही दोघं बराच वेळ वर बघत राहिलो.

"पत्र्यातनं ऑइल गळतंय का वो?" दाजींनी विचारलं. मला क्षणभर तेही पटलं.

एरवी दिवेलागणीच्या आधीच दाजी अणदूरला निघायचे आणि मी गावात चक्कर मारायला. त्या दिवशी मात्र आम्ही ओसरीवरच डोकं धरून बसलो होतो. आईनं तुळशीपुढं दिवा लावला. मग तेलाची वाटी घेऊन ती मोटरीपाशी गेली, तळव्यावर तेल घेतलं आणि टोपणावर हळूहळू थापटत जिरवायला लागली.

"आई, हे काय करतेस?"

"तेल घालतीय."

"म्हणजे रोज तूच? अगं, महिना होत आला, आम्ही हेच तेल हुडकतोय. बोलली का नाहीस?"

"तुमी गिअर ऑइल हुडकत व्हता. हे करडईचं हाय." मग पावडरीनं पांढरा झालेला हात तिनं आमच्यापुढं धरला. "आन् पावडर लावायच्या आधी तेल लावत्यात, लेकरांनो. एवढंबी कळंना का तुमाला?"

दाजी हसले, मीही हसलो. आई हसली नाही.

"लगीन झाल्यापासनं रोज सांजच्याला ह्यांच्या टाळूला तेल घालत व्हते म्या," ती म्हणाली. "आता सांज झाली की हात गप ऱ्हात न्हाय. कुठं घालू, तू सांग."

मी तिच्या हातातली तेलाची वाटी धरली. अण्णा गेले त्या दिवशी माणसांच्या गर्दीत रडायला सवड मिळाली नव्हती, ती त्या संध्याकाळी मिळाली. दाजी उठून गरज नसताना नटबोल्ट गोळा करायला लागले.

आता अडचण एवढीच उरली की न बिघडलेली मोटर आम्ही बिघडवत आणली होती. पुन्हा सगळी जोडली. चार नटबोल्ट उरले. "कंपनी जास्तीचे देती," दाजी म्हणाले.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मोटर बोटीला लावली, नवंकोरं पेट्रोल भरलं. आई इरकल नेसून, मांडीवर नैवेद्याचं पान घेऊन बसली. मी दोरी ओढली. पहिल्या झटक्यात सुरू! मी दाजींकडं असं बघितलं की जणू मोटरीचा शोध मीच लावलाय. बोट निघाली. आईनं मागं वळून मोटरीकडं बराच वेळ बघितलं, मग पुढं तोंड करून मांडीवरचं पान सावरलं.

मधोमध पोचतो न पोचतो तोच मोटरीनं कर्रर्र केलं आणि जागीच बसली. दोरी तसूभर हलेना. दाजींनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि माझ्या कानाशी आले.

"गुरुजी, पेट्रोलमधी ऑइल मिसळलं व्हतं न्हवं?"

"मला वाटलं तुम्ही मिसळलं."

"मला वाटलं तुमी."

ह्या जुन्या मोटरींना ऑइलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून द्यावं लागतं, नाहीतर आतला पिस्टन कोरडा घासून तापतो आणि कायमचा चिकटतो. महिनाभर आम्ही ऑइल बाहेर कुठून येतं ते शोधत होतो. आत घालायचं राहून गेलं. अण्णांची मोटर आम्ही दोघांनी मिळून मारली.

"का रं थांबली?" आईनं विचारलं.

दाजी तोंड उघडणार तोच मी त्यांचा पाय दाबला आणि (मी, विज्ञानाचा शिक्षक!) म्हणालो, "अण्णांनीच थांबवली असेल, आई. आपलं रान आलं."

आईनं पान दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवलं. ते हलत हलत जरा लांब गेलं. "आले बघा मी," ती पाण्याकडं बघून म्हणाली आणि रडायला लागली. वर्षभरात ती रडली नव्हती. आता हमसून हमसून रडत होती, मध्येच काहीतरी सांगत होती, विहिरीचं, पहिल्या घागरीचं, उद्या नेतो म्हणणाऱ्या माणसाचं. आम्ही दोघं तोंड फिरवून बसलो. पाण्यात आणखी कुठं जाणार? पुढं जाळी काढायला आलेल्या मंडळींनी आमची बोट दोराला बांधून काठाला ओढत आणली.

मोटर आपोआप अण्णांच्या रानावरच थांबली, ही बातमी आमच्या आधी गावात पोचली. बायका येऊन मोटरीला हळदीकुंकू वाहून गेल्या. मी मान खाली घालून उभा होतो. लोकांना वाटलं, पोराला बापाची आठवण येतीय. तीही येतच होती.

चार दिवसांनी चहा घेताना आई सहज म्हणाली, "त्या दिशी मोटरीतनं निळा धूर निगंना. ह्यांनी चालू केली की कसा निळा लोट निगायचा. तवाच म्या वळखलं, तेल घातलं न्हाय तुमी. ही आता बसणार."

मी कप खाली ठेवला. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू बोट माघारी वळवली असतीस. आन् आणखी महिनाभर मोटर खोलून बसला असतास."

खोटं कशाला बोलू, बसलो असतो.