मावशीचा गुडघा

माझ्या मावशीला हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत सव्वीस वर्षं झाली. मी तिथेच, तिच्या शेजारच्या टेबलावर घड्या घालते. आठ तास उभं राहून ती चादरींना इस्त्री करते, लिफ्ट बंद पडली की गठ्ठे उचलून जिने चढते. तिच्या गुडघ्यांना काही म्हणता काही झालेलं नाही. फक्त काकांसमोर, म्हणजे तिच्या नवऱ्यासमोर, ती खुर्चीतून उठताना उजव्या गुडघ्यावर हात ठेवायची. हे सोंग कशासाठी, ते मी कधी विचारलं नाही.

काका पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात पाइपांचे नकाशे काढायचे. माणूस सरळमार्गी, पण एका डोंगराने त्यांना झपाटलं होतं. लोक त्या डोंगराला देव मानतात, माथा जवळ आला की बूट काढून हातात घेतात. वर जायच्या वाटा तीन: पूर्वेची पायऱ्यांची, पश्चिमेची खड्या चढाची आणि उत्तरेची, जंगलातून वळसे घेत दोन दिवसांत पोहोचणारी. अकरा वर्षं काकांचं घोडं या तीन वाटांपाशी अडलं होतं. ग्राफपेपरवर चढ काढायचे, खोडायचे, पुन्हा काढायचे. "एक ना धड, भाराभर चिंध्या," मी चिडवायचे. ते हसून पेन्सिलीला टोक काढत बसायचे.

मार्चमध्ये काका गेले. चहा घेता घेता, खुर्चीतच. मावशी रडली नाही. चौथ्या दिवशी कामावर हजर. नातेवाईक नाही नाही ते बोलले आणि खरं सांगायचं तर मलाही तिचा राग आला.

"मला काहीच वाटत नाहीये," ती इस्त्री फिरवत म्हणाली. "घरी बसून तेच, इथे उभं राहून तेच. इथे निदान हात हलतात."

जूनमध्ये डोंगराच्या कचेरीतून काका-मावशी दोघांच्या नावाचा, वर चढायचा परवाना आला. काका दरवर्षी अर्ज करायचे, यंदा सोडतीत नंबर लागला होता. सोबत एक फॉर्म: तीनपैकी एका वाटेवर खूण करून शुक्रवारपर्यंत द्यावा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.

"तू जाणार आहेस?" मी विचारलं.

"माहीत नाही. पण खूण त्यांच्या मनातल्या वाटेवर व्हायला हवी. कुठली, ते तू शोध."

गुरुवारी संध्याकाळी मी काकांची फाइल जेवणाच्या टेबलावर पसरली. सगळ्यात जुन्या कागदावर पश्चिमेची वाट लाल पेन्सिलीने काढली होती. शेजारी 'ठरलं' असं लिहून ते खोडलं होतं. खाली बारीक अक्षरात: 'हिचा गुडघा.' मी पुढचा कागद घेतला. 'पूर्व. उतरताना पायऱ्या फार. हिचा गुडघा.' त्यानंतरच्या प्रत्येक कागदावर तेच. मोठ्याने वाचता वाचता मी थांबले.

मावशी ओट्यापाशी उभी होती. "मला उंचीची भीती वाटते," ती म्हणाली. "सांगायची लाज वाटली. म्हटलं, गुडघा दुखतो. वाटलं, विसरतील."

"अकरा वर्षं?"

"रोज वाटायचं, उद्या सांगू."

नाचता येईना अंगण वाकडं, असं मी एरवी तिच्या तोंडावर म्हटलं असतं. त्या दिवशी मी फक्त शेवटचा कागद तिच्यापुढे सरकवला. उत्तरेची वाट, फेब्रुवारीची तारीख. काकांनी कचेरीला पत्र पाठवून वाटेतली बाकं कुठे आहेत ते विचारून घेतलं होतं. प्रत्येक बाकापाशी एक टिंब आणि दोनच शब्द: 'इथे बसेल.'

मावशीने तो कागद बराच वेळ पाहिला. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"किती बाकं आहेत?"

मी मोजली. "चौदा."

तिने फॉर्म ओढला, उत्तरेवर खूण केली आणि पेनाला टोपण लावलं.

"चौदाही बाकांवर बसेन," ती म्हणाली.

मग ती खुर्चीतून उठली, उजव्या गुडघ्यावर हात ठेवून.