मंगळवारचा उपास आणि उगारलेला पाना

डॉक्टर अहिरे मॅडमनी सिरिंज रिकामी केली, सुई काढली आणि कापसाचा बोळा दाबून धरला. माझे पती मधुकर पलंगावर होते. थोड्याच वेळापूर्वी त्यांनी नर्सचा हात झटकला होता आणि ट्रे खाली पाडला होता. मला ते "ए बाई, दार सोड" म्हणाले होते, आणि मी त्यांची लग्नाची बायको. दोन वॉर्डबॉय त्यांचे खांदे धरून उभे होते.

बघता बघता त्यांचे डोळे निवळले. त्यांनी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नेहमीच्या मऊ आवाजात विचारलं, "सुनंदा, तू शाळेत नाही गेलीस आज?"

मला रडूच फुटलं. मॅडम मात्र शांत होत्या. म्हणाल्या, "यांच्या रक्तातली साखर चाळीसच्याही खाली गेली होती. आपण ग्लुकोज दिलं आणि ते परत आले. बहुतेक इन्सुलिनोमा आहे. मुंबईहून रिपोर्ट आला की नक्की सांगते."

हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. मॅडमनी समजावून सांगितलं. पोटात, जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. ते इन्सुलिन तयार करतं आणि इन्सुलिन रक्तातली साखर खाली आणतं. काही माणसांच्या स्वादुपिंडात एक बारीक गाठ होते आणि ती गरज नसतानाही इन्सुलिन सोडत राहते. पोट रिकामं असलं की साखर फारच उतरते. मेंदूला तर सारखी साखर लागते. ती मिळाली नाही की माणूस अडखळतो, भलतंच बोलतो, कधी अंगावर धावून जातो, आणि नंतर त्याला त्यातलं काही आठवत नाही.

मी त्या रिकाम्या सिरिंजकडे बघतच राहिले. ज्या माणसाला कारखान्यातून काढायचं की पोलिसांत द्यायचं यावर चर्चा चालली होती, तो एवढ्याशा गोड पाण्याने भानावर आला होता. आज इतकी वर्षं झाली तरी ती सकाळ आठवली की माझ्या अंगावर काटा येतो.

हे सगळं नव्वदच्या दशकाच्या शेवटाला झालं. कुणाच्या घरात असंच काही चाललं असेल तर त्यांनी वाचावं म्हणून लिहिते आहे.

आम्ही सिडकोत राहायचो. मी महापालिकेच्या शाळेत शिकवायचे आणि हे सातपूरला एका कारखान्यात फिटर होते. स्वभाव असा, की रिक्षावाल्याने जास्त पैसे मागितले तरी हेच आधी सॉरी म्हणणार. मी चिडवायचे, की तुमच्या वाटचं भांडण मला एकटीला करावं लागतं.

सुरुवात सकाळच्या वेळी व्हायला लागली. हे उठेनात. हाक मारली की नुसते बघायचे. घामाने बनियन भिजलेलं असायचं. एकदा शर्ट उलटा घातला आणि मी सांगितलं तर खेकसले. चहा-पोळी पोटात गेली की पुन्हा पहिल्यासारखे. आम्ही म्हटलं, पित्त असेल, कामाचा ताण असेल. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही पित्ताच्या गोळ्या दिल्या. वजन वाढत होतं, कारण यांना सारखं काहीतरी खावंसं वाटायचं. वाढत्या वजनाच्या माणसाला आजारी कोण म्हणणार?

मग राग सुरू झाला. कॅन्टीनच्या रांगेत शिवीगाळ केली असं कानावर आलं. मी विचारलं तर म्हणाले, मला आठवतच नाही. कारखान्यात त्यावर सगळे हसले. बरा सोयीचा विसरभोळेपणा आहे, म्हणाले.

आमच्या सासूबाई देवभोळ्या. त्यांनी सुचवलं, डोकं तापतंय ना, मग देवीचा मंगळवार धर, मन ताब्यात राहील. यांना पटलं. मलाही पटलं. आणि उपास साधासुधा नाही. साबुदाण्याची खिचडी खाऊन कसला राग जिंकायचा, म्हणून यांनी निरंकार धरला. दिवसभर पाण्याशिवाय काही नाही, चहासुद्धा नाही. संध्याकाळी देवीला नैवेद्य दाखवला की मगच जेवायचं. राग वाढला तसा यांनी गुरुवारही धरला. पेटलेल्या चुलीत आम्ही भक्तिभावाने लाकडं घालत होतो.

अशाच एका मंगळवारी दुपारच्या सुट्टीआधी यांनी शेजारच्या मशीनवरच्या रमेश गांगुर्डेवर मोठा पाना उगारला. तो बाजूला सरकला म्हणून वाचला. पाना मशीनच्या गार्डवर, म्हणजे पुढच्या लोखंडी जाळीवर आपटला आणि गार्ड चेपलं. तेवढ्यावरच थांबले नाहीत. गेटवर बघून घेईन, जिवंत सोडणार नाही, असंही बोलले. नंतर कुणीतरी सरबत पाजलं तेव्हा शांत झाले आणि विचारायला लागले, गार्ड कुणी तोडलं?

कारखान्यात खळबळ माजली. निम्मे लोक म्हणाले, आजच्या आज काढा, उद्या कुणाचा जीव गेला तर? मी त्यांना दोष देत नाही. त्यांनाही घरी बायकामुलं होती.

हे प्रकरण पर्सोनेल ऑफिसर पाटणकर साहेबांकडे आलं. माणूस निवृत्तीला आलेला, बोलायला सावकाश. त्यांनी त्या दिवशी दोन कामं केली. यांना रजेवर घरी पाठवलं. आणि यांची बाजू ऐकण्याआधी ते गांगुर्डेजवळ जाऊन बसले. तुला कशाची भीती वाटते, उद्या कामावर यायचं तर काय लागेल, असं त्याला विचारलं. गांगुर्डेने मागितलं म्हणून काही दिवस सुटताना त्याच्यासोबत एक माणूस दिला. हे मला पुढे गांगुर्डेनेच सांगितलं.

मग साहेब आमच्या घरी आले. मी चहा ठेवला. मनात धरून बसले होते की हे आता राजीनामा लिहून मागणार. त्यांनी विचारलं ते वेगळंच. यांच्या तोंडी कधी गांगुर्डेचं नाव असतं का? कुणाबद्दल मनात काही धरून बसतात का? पितात का? घरी हत्यार वगैरे आणून ठेवलंय का? मी प्रत्येकाला नाही म्हणत गेले. शेवटी त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्यावर कधी हात टाकलाय?"

हे आतल्या खोलीत झोपले होते. मी खाली मान घालून सांगितलं, की एकदा सकाळी शर्टाची बटणं लावायला गेले तर ढकललं होतं. मी कपाटावर आदळले होते. नंतर यांनीच मला विचारलं, हाताला काय लागलं?

"चहाच्या आधी का नंतर?"

"आधी."

साहेबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "गांगुर्डे सांगतो, 'साहेब, त्याला मी कोण ते ठाऊकच नव्हतं. डोळे भलतेच होते. मधुभाऊ तसा नाय.' ज्याला हे मारायला गेले तोच असं म्हणतोय. धमकी देणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. ज्याला खरंच काही करायचं असतं तो एक माणूस धरतो, त्याच्या मागावर राहतो, वेळ बघतो. यांचं तसं नाही. समोर येईल तो. पण वेळ मात्र ठरलेली दिसते. मंगळवारी हे डबा का आणत नाहीत?"

मी म्हटलं, उपास असतो. आणि म्हणता म्हणता माझी मलाच धडकी भरली. कॅन्टीनची शिवीगाळ मंगळवारची. पाना मंगळवारचा. फोरमनशी बाचाबाची झाली होती ती गुरुवारची. घरातलं सगळं सकाळी, रिकाम्या पोटी. आम्ही इतके दिवस एकाच घरात राहून हे पाहिलं नव्हतं, आणि परका माणूस अर्धा कप चहा होईपर्यंत तिथे पोचला होता.

ते उठले. म्हणाले, "मी डॉक्टर नाही. चूकही असेन. चांगल्या फिजिशियनला दाखवा आणि तोवर उपास बंद. पण एक सांगतो, राग मानू नका. आजारी माणसाच्या हातातला पानाही तेवढाच लागतो. डॉक्टर लिहून देईपर्यंत मी यांना खात्यात उभं करणार नाही."

राग मला आलाच. दयाही दाखवायची आणि दारही लावून घ्यायचं, हे काय? दोन्ही एकाच वेळी करणं किती अवघड असतं ते मला फार उशिरा कळलं. आता वाटतं, त्यांच्या जागी मी असते तर एक तर घाबरून काढून टाकलं असतं, नाहीतर कीव करून परत घेतलं असतं.

अहिरे मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि यांना दाखल केलं. म्हणाल्या, फास्टिंग टेस्ट करायची. आपल्या देखरेखीखाली उपाशी ठेवायचं, जास्तीत जास्त तीन दिवस, ठरावीक वेळाने रक्त काढायचं, आणि त्रास सुरू झाला की त्याच क्षणाचं रक्त घेऊन मग ग्लुकोज द्यायचं. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, उपासच करायचा तर घरी काय वाईट होता?" त्या गंभीरपणे बोलल्या होत्या, पण मला त्या परिस्थितीतही हसू आलं.

तीन दिवस लागलेच नाहीत. रात्री जेवले होते, दुसऱ्या दिवशी सकाळीच यांच्यातला तो दुसरा माणूस वर आला. आधी जांभया, मग कपाळावर घाम, मग ओठांची पुटपुट. मी यांच्याशी बोलत होते आणि बोलता बोलता हे माझ्या समोरून निघून गेले. शरीर तिथेच होतं. पुढचं मी सुरुवातीला सांगितलंच आहे.

रिपोर्ट यायला वेळ लागला. तोपर्यंत मॅडमनी थोड्या थोड्या वेळाने खायला सांगितलं होतं, पहाटेही. मी गजर लावून उठायचे, यांना दूध-बिस्किटं द्यायचे. त्या दिवसांत यांनी एकदाही आवाज चढवला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. पण मनात यायचं, माणूस म्हणजे नक्की काय असतो? याचा चांगुलपणा, याची ओळख, माझं नाव, सगळं दोन बिस्किटांवर उभं आहे?

हा प्रश्न मी मॅडमना विचारलासुद्धा. त्या म्हणाल्या, "बाई, तुमचं-माझंही तसंच आहे. आपली साखर उतरत नाही म्हणून आपण शहाण्या."

रिपोर्टात इन्सुलिनोमाच निघाला. ऑपरेशन मुंबईला झालं. स्कॅनमध्ये गाठ स्पष्ट दिसत नव्हती. सर्जननी पोट उघडल्यावर बोटांनी चाचपून ती शोधली. नंतर मला बोलावून बाटलीतली गाठ दाखवली. लालसर, वाटाण्याएवढी. कॅन्सरची नव्हती. मी हात जोडले, कुणाला ते मलाही माहीत नाही, डॉक्टरांना की त्या बाटलीला. एवढ्याशा गोष्टीने एक संसार, एक नोकरी आणि शेजारच्या मशीनवरच्या माणसाचा जीव टांगणीला लावला होता. पुढचे काही दिवस यांची साखर उलट वाढलेली होती, पण मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की स्वादुपिंडाला जागं व्हायला वेळ लागतो.

अहिरे मॅडमनी फिट असल्याचं लिहून दिलं, तरी पाटणकर साहेबांनी यांना लगेच मशीनवर उभं केलं नाही. आधी यांना विचारलं, आजाराबद्दल खात्यात सांगू का? यांनी हो म्हटल्यावर सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं, काय झालं होतं, पुन्हा तसं दिसलं तर काय करायचं. अडवायचं नाही, धरायचं नाही, आजूबाजूची हत्यारं उचलायची, वाट मोकळी ठेवायची, गोड पाजायचं. मग गांगुर्डेला विचारलं, तुझं काय म्हणणं? तू नाही म्हणालास तर यांना दुसऱ्या खात्यात देईन.

गांगुर्डेने आधी यांच्याकडे नीट बघून घेतलं. मग म्हणाला, "मधुभाऊ, ये तू. पण सांगून ठेवतो, मला लय भ्या वाटलं होतं. पहिले आठ दिस मी तुझ्या बाजूला उभा राहीन. समोर नाय."

हे सगळं यांनी घरी येऊन मला सांगितलं. म्हणाले, त्याने भीती लपवली नाही म्हणून मला परत जाता आलं.

तुमच्या घरातलं किंवा कामावरचं एखादं माणूस असं अचानक बदललं, तर त्याला लगेच शिक्का मारू नका. केव्हा होतं, आधी काय खाल्लं होतं, नंतर आठवतं का, एवढं बघा आणि डॉक्टरला सांगा. पण अंगावर येत असेल तर आधी बाजूला व्हा. आजार शोधायचा म्हणून मार खायचा नसतो. प्रत्येक रागामागे गाठ नसते हेही खरं. पण आमच्या घरी ती होती, आणि ती शोधणारे लोक आम्हाला भेटले. पाटणकर साहेब आता नाहीत. यांच्या हातून पुढे कुणाला इजा झाली नाही, याचं श्रेय मी त्यांना देते.

ऑपरेशननंतर वर्षभर यांना राग कसा तो आलाच नाही. सगळे म्हणायचे, मधुकर पहिल्यासारखा झाला. मी मात्र आतून धास्तावलेलीच असायचे. मग एका रविवारी सकाळी शेजाऱ्याने आमच्या दारात स्कूटर आडवी लावली. दोनदा सांगून झालं होतं. हे गॅलरीतून मोठ्याने ओरडले. इतक्या मोठ्याने, की खालची माणसं वर बघायला लागली.

 मी धावत गेले आणि यांच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ कोरडं होतं. मी विचारलं, "मी कोण? आज वार कोणता?"

यांनी माझ्याकडे पाहिलं.  मग माझा हात कपाळावरून काढून दोन्ही हातांत धरला.

"सुनंदा, रविवार आहे आणि माझा नाश्ता झालाय. हा राग माझाच आहे गं."

मी म्हटलं, मग ओरडा. आणि यांच्या शेजारी उभी राहून मीही ओरडले.