परीक्षेच्या आदल्या दिवशी ऐकलेलं इमान

विमान उडवायच्या शाखेसाठी माझ्या वयाची ही शेवटची संधी होती. जमिनीवरच्या कामांसाठी अजून दोन वर्षं हातात होती, पण मला ती नको होती. हवाई दलातल्या अधिकारीपदाची लेखी परीक्षा मी गेल्या वर्षी दिली आणि थोडक्यात हुकले. आकृत्या मनातल्या मनात फिरवून ओळखायचे जे प्रश्न असतात, त्यांत बेधडक अंदाज मारले आणि चुकीच्या उत्तरांनी कमावलेले गुणही खाल्ले. यंदा पुन्हा फॉर्म भरला. केंद्र पुन्हा नाशिक. आई म्हणाली, "या वेळी मी येणार." माझ्या उडण्याबद्दल ती घरात एक अक्षर बोलत नसे, त्यामुळे मला जरा आश्चर्यच वाटलं.

संगमनेरहून नाशिकला एसटी भरपूर आहेत आणि बायकांना अर्धं तिकीट. सिन्नरला चहा होतो. नाशिक रोडच्या अलीकडे सरावाची दोन हेलिकॉप्टर्स रस्त्याला समांतर उडत होती. मी काचेला नाक लावून बघत बसले, आई पिशवीत काहीतरी शोधत राहिली. मुक्काम गंगापूर रोडला घेतला. परीक्षेचं केंद्र तिथून रिक्षानं जवळ पडतं, आणि लॉज स्वच्छ होता. परीक्षेला जाणाऱ्यांनी स्टेशनजवळ न राहता इकडेच राहावं, असं मी सांगेन.

मधला एक दिवस मोकळा होता आणि त्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही असं मी ठरवलं होतं. सकाळी त्र्यंबकेश्वरला गेलो. श्रावणात जाणार असाल तर सोमवार टाळा. आम्ही गुरुवारी गेलो तरी रांग बाहेरपर्यंत होती. दर्शन झाल्यावर पुढच्या घाटाकडे जाणारी शेअर जीप धरली. तिकडच्या एका पाड्यावर सोनाबाई पावसाळ्यात येणाऱ्यांना घरचं जेवण देतात, आदल्या दिवशी फोन केला की झालं. पाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे वाचलंत की का ते कळेल.

जीप उतरलो तेव्हा भातखाचरं स्वच्छ दिसत होती. सोनाबाईंच्या ओटीवर बसून नागलीची भाकरी, कुरडूची भाजी आणि खुरासणीची चटणी समोर येईपर्यंत अंगणातला आंबा दिसेनासा झाला. धुकं खालून, दरीतून वर चढत होतं. आधी बांध गेले, मग गोठा. आम्ही तिघी आणि एक चूल, एवढंच जग उरलं.

भाकरीचा दुसरा तुकडा मोडला आणि आवाज आला.

मला वाटलं, कालची हेलिकॉप्टर्स. पण हेलिकॉप्टरचा आवाज फटफट फटफट असा तुटत येतो. हा सलग होता, पंख्याच्या विमानाचा, जुन्या धाटणीचा, मधेच खोकल्यासारखा अडखळणारा. आणि खूप खाली. इतक्या धुक्यात, दोन डोंगरांच्या मधे इतक्या खालून कोणी उडत नाही, एवढं मला पुस्तकातूनही ठाऊक होतं.

सोनाबाई उठल्या. घाई नाही, भीती नाही, दूध उतू जायला आलं की उठतो तशा. भिंतीला टेकवलेली पितळी परात घेतली, अंगणाच्या कडेला उभ्या राहिल्या आणि उलथन्यानं बडवायला लागल्या. धुक्यातून दुसऱ्या घरातली थाळी वाजायला लागली, मग तिसऱ्या. माणूस एकही दिसत नव्हता. नुसता सगळीकडून धातूचा ठणठणाट.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"इमान हाय," सोनाबाई हात न थांबवता म्हणाल्या. "वाट चुकलंय. खाली भुई कुठं हाय ते त्याला कळाया पायजे ना."

मी अंगणात धावले. आवाज डोक्यावरून गेला, वळला, परत आला. गोठ्याच्या बाजूनं धुकं जरा विरळ झालं तेव्हा दावणीच्या गाई दिसल्या. त्यांच्या माना आवाजाबरोबर हळूहळू फिरत होत्या, सगळ्यांच्या एकदम. आणि मग नेमकं आमच्या वर धुकं फाटलं. निळं, धुतल्यासारखं आभाळ दिसलं, परातीएवढं, मग अंगणाएवढं. आवाज त्याच्या मधोमध होता. दात थरथरतील इतका जवळ. आभाळात काहीही नव्हतं.

मी वर बघत उभी राहिले. पाठीमागून अगदी जवळ ठणठण सुरू झाली म्हणून वळले, तर आई. जेवणाचं ताट रिकामं करून, माझ्या शेजारी उभी राहून, पळीनं ती ते बडवत होती. डोळे गच्च मिटलेले. कपाळावरची शीर उठलेली. सोनाबाईंपेक्षा जोरात वाजवत होती ती.

आवाज दरीकडे सरकत गेला, बारीक झाला आणि थांबला. विरला नाही, थांबला. एकेक करून थाळ्या गप्प झाल्या. आईची सगळ्यात शेवटी.

"गेलं," सोनाबाई म्हणाल्या आणि परात पुसून जागेवर ठेवली. "भाकर निवली. दुसरी टाकते."

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"माझी सासू सून होऊन आली, तवा बी यायचं. असं दाट धुकं पडलं का येतं."

"कधी खाली उतरलं का?"

त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "उतरलं असतं तर परत कशाला आलं असतं, पोरी?"

परतीच्या जीपमध्ये आम्ही दोघी पुढे बसलो होतो. घाटातल्या एका वळणावर ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. मागची माणसंही बोलायची थांबली. तो काच खाली करून ऐकत राहिला.

"काय ऐकताय, भाऊ?" मी हळूच विचारलं.

"आपल्या गाडीच्या आवाजामागं येतं ते," तो म्हणाला. "त्याला वाटतं दुसरं इमान हाय म्हणून. मग दरीत नेल्याचं पाप आपल्याला कशाला?" थोड्या वेळानं त्यानं चावी फिरवली. गंगापूर रोडच्या दुकानांचे दिवे दिसले तेव्हा कुठे आईनं माझा हात सोडला. तोपर्यंत तिनं तो धरलाय हे मला कळलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. केंद्रात मोबाइल, घड्याळ, काही चालत नाही. पाण्याची पारदर्शक बाटली न्या. इंग्रजी, गणित बरे गेले. फिरवलेल्या आकृत्या आल्या आणि कानात तो आवाज सुरू झाला. वातानुकूलन असेल, मी स्वतःला समजावलं. पण त्यात तो खोकला होता. आजूबाजूला सगळे संगणकाच्या पडद्यात डोकं घालून बसलेले. फक्त पुढच्या रांगेतली एक मुलगी मान वर करून छताकडे बघत होती, आणि तिची मान हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरत होती.

पाच-सहा प्रश्न नुसते पळून गेले असतील. मग मी एकच केलं. जी आकृती मला खरोखर वळताना दिसली तिचंच उत्तर दिलं. दिसली नाही ती सोडली. अंदाज एकही मारला नाही.

फाटकाबाहेर ती मुलगी दिसली. सुरगाण्याकडची होती, वडिलांची वाट बघत उभी.

"तुलाही ऐकू आलं?" मी विचारलं.

तिनं काय ते विचारलं नाही. "आमच्याकडं पण येतं," म्हणाली.

"तुम्हीही थाळ्या वाजवता?"

"नाय. चूल झाकतो, पोरांची तोंडं धरतो. गप बसतो."

"का?"

"खाली उतरू नये म्हणून."

"तरी तू हवाई दलाची परीक्षा दिलीस?" मी विचारलं.

"खालून आयुष्यभर ऐकलंय," ती म्हणाली. "एकदा वरून बघायचंय." मग तिचे वडील आले आणि ती गेली. नाव विचारायचं राहून गेलं.

निकाल लागला. मी पास झाले. आता पुढची निवड, मुलाखती, आणि वैमानिकांसाठीची ती यंत्रावरची चाचणी, जी आयुष्यात एकदाच देता येते. लोक विचारतात, ते नेमकं काय होतं? मला माहीत नाही. जाणाऱ्यांनी त्र्यंबकला जावं, घाटात जावं, कुरडूची भाजी जरूर खावी. दाट धुकं पडलं तर घरमालकीण सांगेल तसं करावं.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी आई मेथी निवडत बसली होती. विमानाबद्दल तिनं मला कधीच काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी मान वर न करता विचारलं, "ढगात शिरल्यावर वर कुठं, खाली कुठं, कसं कळतं गं?"

"शरीराला कळत नाही," मी म्हटलं. "शरीर खोटं सांगतं. समोर यंत्र असतं, त्यावर विश्वास ठेवायचा."

"आणि ते बंद पडलं तर?"

"तेच शिकायला जायचंय, आई."

तिनं जुडीतली एक पिवळी काडी बाजूला काढली, आणखी एक काढली.

"मग सगळ्यात आधी ते शीक," ती म्हणाली. "बाकीचं नंतर."